पाळणा उचलणारी तारिग

फार वर्षांपूर्वी, उरलच्या डोंगरांपलीकडे उन्हाळ्यात नदी हाच रस्ता होता आणि हिवाळ्यात त्याच नदीचा बर्फ हाच रस्ता होता. तेव्हा साक्व नदीच्या एका वळणावर मान्सी लोकांचं एक गाव होतं. लुंतपावल त्याचं नाव, म्हणजे रानहंसांचं गाव. ओंडक्यांची मोजकी घरं, मासे वाळत घालायचे मांडव, आणि उंच खांबांवर उभी केलेली कोठारं. ती उंचावर अशासाठी, की जंगलातल्या म्हातारबाचा हात तिथवर पोहोचू नये. म्हातारबा म्हणजे अस्वल. त्याचं खरं नाव तिथे कुणी तोंडातून काढत नसे. तो आभाळातल्या देवाचा मुलगा, साखळीने खाली सोडलेला, आणि त्याला सगळं ऐकू येतं, असं म्हणतात.

त्या गावात तारिग नावाची बाई राहत होती. क्रौंच पक्षी परत आले त्या दिवशी ती जन्मली, म्हणून आईबापांनी पक्ष्याचंच नाव तिला ठेवलं. तिचा नवरा तरुणपणीच गेला. मागे दोन मुलगे राहिले, थोरला पासर आणि धाकटा योसा. तारिगने जाळी टाकली, बर्फात भोकं पाडून मासे धरले, हरणाची कातडी शिवली आणि मुलं मोठी केली. पण तिचं नाव नदीभर झालं ते या कामांमुळे नाही. तिचं नाव झालं ते पाळण्यांमुळे.

आता हे पाळण्याचं काय, ते आधी सांगायला हवं. मान्सी लोक म्हणतात, माणसाला एकच जीव नसतो. बाईला चार असतात, पुरुषाला पाच. एक जीव सावलीसारखा, तो देहाबरोबर मातीत जातो. एक झोपेत पाखरू होऊन फिरून येतो. एक नदीच्या उताराने उत्तरेला, गार समुद्राकडे निघून जातो. असे सगळे आपापल्या वाटेने जातात. पण केसांत राहणारा जो जीव असतो ना, तो फार लाघवी. त्याला घर सोडवत नाही. म्हणून माणूस गेलं की घरचे लाकडाची एक वीतभर बाहुली करतात, तिला त्याच्या केसांची बट लावतात, कातड्याचे कपडे शिवतात, आणि तो जीव तिच्यात येऊन बसतो. मग तिला जेवू घालायचं, रात्री निजवायचं, सकाळी उठवायचं. ठरलेला काळ सरला की तिला रानात नेऊन तिच्यासाठी बांधलेल्या इवल्याशा घरात ठेवायचं. तेव्हा तो जीव मोकळा होतो, आणि त्याच घराण्यात पुढे जन्मणाऱ्या एखाद्या बाळात परत येतो.

पण बाळ काही सांगत नाही, मी अमका आहे म्हणून. ते ओळखावं लागतं. भूर्जाच्या सालीच्या पाळण्यात बाळाला निजवतात, आणि एक जाणती बाई पाळण्याखाली हात घालून घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेते. "तू अमका आहेस का?" असं विचारते आणि पाळणा उचलते. पाळणा सहज वर आला, तर तो नव्हे. पण खरं नाव निघालं, की पाळणा जमिनीला असा चिकटतो की काही केल्या हलत नाही. मग घरात आनंदीआनंद होतो. गेलेलं माणूस परत आलेलं असतं. आणि बाळाला नाव मिळतं. नाव नसलेलं बाळ म्हणजे कडी नसलेलं दार, वाऱ्यानेही उघडतं आणि मिटतं, असं तिथे म्हणतात.

तारिग ही पाळणा उचलणारी होती, आणि तिच्यासारखी दुसरी नव्हती. वरच्या गावाहून, खालच्या गावाहून तिला बोलावणी येत. उन्हाळ्यात होडी येई, हिवाळ्यात हरणांची घसरगाडी. एकदा तिने एका पाळण्यात म्हातारबाशी झुंजलेल्या एका जुन्या वीराचं नाव घेतलं, तर पाळणा इतका जड झाला की खालची फळी वाकली, असं म्हणतात. एका घरी बाळ रडून रडून निळं पडलं होतं. तारिगने सगळी नावं घेतली, मग डोळे मिटले आणि असं एक नाव घेतलं की जे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातली आंधळी म्हातारी तेवढी दचकली. ते तिच्या पणजीचं नाव होतं. आणि बाळ हसलं.

ज्या घरात माणूस गेलेलं असे, तिथेही तारिग जाई. एखादी आई बाहुलीला मिठी मारून बसली, रानात न्यायला तयार होईना, की तारिग तिच्याशेजारी बसे. "बाई गं," ती म्हणे, "रड, पण दार अडवून रडू नकोस. त्याला जाऊ दिलंस, तरच तो परत येईल." आणि ती आई ऐकत असे. कारण तारिगने स्वतःच्या नवऱ्याची बाहुली वेळ सरताच, कोरड्या डोळ्यांनी रानात नेऊन ठेवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिचा धाकटा, योसा, हा फार गोड मुलगा. योसा म्हणजे बर्फावर घसरत चालायच्या रुंद लाकडी पट्ट्या, ज्यांना खालून हरणाच्या पायाचं कातडं लावलेलं असतं. हा लहानपणापासून त्या पट्ट्यांवर असा पळायचा, की पाऊल उमटायचं नाही. आईला कुठेही पाळण्यासाठी जायचं असलं, की सोडायला आणायला योसाच. वाटेत गाणी म्हणायचा. चुकीची म्हणायचा, आणि आई रागावली की मुद्दाम आणखी चुकीची.

एका वसंतात पलीकडच्या काठावरच्या गावात बाळ जन्मलं आणि तारिगला बोलावणं आलं. पाळणा उचलून झाला, नाव सापडलं. यजमानांनी आग्रह केला, की माशाचं जेवण केल्याशिवाय जायचं नाही. तारिग राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं, की छपरांवरून पाणी वाहू लागलं. दुपारी योसा पट्ट्यांवरून धावत आला.

"आई, नीघ," तो म्हणाला. "बर्फ काळा पडायला लागलाय. आज नाही गेलो, तर पूर ओसरेपर्यंत इथेच."

दोघं निघाली. नदीच्या मध्यावर आल्यावर पायांखाली बर्फ कण्हला. तारिगच्या पायात नुसते कातडी बूट होते. योसा थांबला, खाली वाकला, आणि त्याने आपल्या पट्ट्या काढून आईच्या पायांना बांधल्या. पट्ट्या रुंद असतात, त्यांच्यावर माणसाचं वजन पसरतं, म्हणून पातळ बर्फही पेलतो.

"आणि तू?" तारिग म्हणाली.

"मी तुझ्यामागून पळत येतो. तू पुढे बघ. मागे वळून बघितलंस, तर तोल जाईल."

तारिग पुढे बघत चालली. मागून योसा गाणं म्हणत होता, चुकीचंच. मग जाड कातडं फाटावं तसा आवाज झाला आणि गाणं थांबलं. ती वळली. मागे योसा नव्हता. काळं पाणी होतं, आणि बर्फाचे दोन मोठे तुकडे त्यावर हळूच एकमेकांना येऊन मिळत होते.

गावची माणसं दोर आणि लांब काठ्या घेऊन धावली, पण नदीने तोंड मिटलं होतं. पूर ओसरल्यावर खालच्या वाळूत तो सापडला. त्याला त्याच्याच होडीत निजवून पुरलं. घराच्या ओंडक्याची एक ढलपी काढून लाचुय नावाच्या म्हाताऱ्याने बाहुली कोरली. लाचुय हा गावचा वडीलधारा, ढोल वाजवून देवांशी बोलणारा. तारिगने इवलासा कोट शिवला, बाहुलीला योसाच्या केसांची बट लावली, आणि पहिल्या दिवशी तिच्यापुढे माशाचा कालवलेला घास ठेवला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

ठरलेला काळ सरला. लाचुय आणि भाऊबंद बाहुली न्यायला आले.

"अजून डास फार आहेत रानात," तारिग म्हणाली. "जरा कमी होऊ द्या."

डास गेले. तेव्हा ती म्हणाली, पाऊस आहे. मग बर्फ पडला. ती म्हणाली, एवढ्या थंडीत कुठे पाठवू त्याला? एक वसंत गेला, दुसरा गेला. लाचुयला राहवेना.

"तारिग, तूच ना बायकांना सांगायचीस, दार अडवून रडू नका म्हणून?"

"सांगत होते, काका," तारिग म्हणाली. "तेव्हा मला काय ठाऊक होतं?"

लाचुय उठला आणि घरी गेला. गावातलंही कुणी पुन्हा बाहुली न्यायला आलं नाही. जिने सगळ्यांची माणसं परत आणून दिली, तिला कोण काय बोलणार?

बाहुली घरातच राहिली, चुलीच्या उजव्या अंगाला, योसाच्या जागेवर. आणि मग एक अजब घडू लागलं. दर वसंतात तिचा कोट आखूड व्हायला लागला. तारिग नवा शिवायची, पुढच्या वसंतात तोही आखूड. ढलपीची ती बाहुली आधी वीतभर होती, मग हातभर झाली. तिला उचलून अंथरुणावर निजवताना तारिगला दम लागू लागला. पण तारिग खूश होती. "वाढतोय माझा," असं ती स्वतःशीच म्हणायची, असं म्हणतात.

आणि तिकडे पाळणे मुके झाले. तारिग नाव घेई, पाळणा वर येई. दुसरं घेई, वर येई. शेवटचं घेई, तरी वरच येई. आधी लोकांना वाटलं, बाई थकली. मग बोलावणी कमी झाली आणि हळूहळू थांबली. नदीकाठची गावं दुसऱ्या बायकांकडे वळली. तारिगला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला घरी लवकर परतायचं असे. बाहुलीला जेवू घालायचं असे.

या काळात थोरल्या पासरने लग्न केलं. बायको वरच्या गावची, खोतल नावाची. खोतल म्हणजे सूर्य. पोरगी कामाची आणि मोजकं बोलणारी होती. घरात आली त्या दिवशीच तिने पाहिलं, की चुलीच्या उजवीकडची जागा दिराची आहे आणि तो दीर लाकडाचा आहे. रोज सासूने बाहुलीपुढे वाडगा ठेवला की ही तो निमूट धुऊन ठेवी.

खोतलला मूल झालं. बाळंतीण गावाबाहेरच्या लहान घरात बसते, तशी ती बसली, आणि वेळ झाल्यावर बाळ घेऊन घरी आली. तारिगने पाळणा घेतला. आपल्या नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं, आजेसासूचं, सगळ्यांची नावं घेतली. पाळणा एकाही नावाला थांबला नाही. बाळ बिननावाचं राहिलं. दूध घेईना, नजरेला नजर देईना. कोवळा बर्फ पडला त्या सुमारास ते गेलं. पुढच्या वर्षी दुसरं झालं. तेही तसंच गेलं.

दात न आलेलं बाळ गेलं, तर त्याला होडी नाही, थडगं नाही. भूर्जाच्या सालीत गुंडाळून झाडाच्या ढोलीत ठेवतात आणि मागे न बघता परत येतात. पासर दोन्ही वेळा जाऊन आला. दोन्ही वेळा परतल्यावर तो आईसमोर बसला आणि मग उठून लाकडं फोडायला गेला.

तिसरं बाळ झालं, मुलगा. त्या दिवशी लाचुयने ढोल काढला, पण वाजवला नाही. त्याला वाजवायची गरजच उरली नव्हती. तो पासरला म्हणाला, "तुमच्या घराच्या दाराशी सगळे पूर्वज उभे आहेत, पोरा. पण सगळ्यांत पुढे योसा आहे. आत यायची पाळी त्याची आहे. आणि त्याला आईने धरून ठेवलंय. तो आत येऊ शकत नाही, म्हणून मागचे कुणीच येऊ शकत नाहीत."

पासरने हे आईला सांगितलं नाही. ते त्याच्याच्याने झालं नाही. त्याने बायकोला सांगितलं.

सकाळची वेळ होती. नदीवर धुकं होतं. खोतलने पाळणा आणला आणि सासूच्या पुढ्यात ठेवला.

"आई, हाही दूध घेत नाही. नाव बघा."

तारिगने हात घातला. एकेक नाव घेतलं. पाळणा वाळल्या सालीसारखा वर येत होता, जणू आत कुणी नव्हतंच. नावं संपली. तारिगने पाळणा खाली ठेवला.

"एक राहिलं, आई," खोतल म्हणाली.

"नाही राहिलं."

"एक राहिलं."

"ते घरात आहे," तारिग म्हणाली. तिचा आवाज चढला. "तो इथे आहे, माझ्यापाशी. तो कुठे गेलाच नाही, तर त्याला पाळण्यात कसा शोधू?"

खोतलने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. तिथल्या सुना सासऱ्या-दिरांपुढे रुमालाने तोंड झाकतात, सासूपुढे झाकायचं कारण नसतं. पण तिला जे बोलायचं होतं ते उघड्या तोंडाने बोलवलं नसतं.

"आई, तुमच्या मुलाला नाव होतं," ती म्हणाली. "तो कितीतरी हिवाळे जगला. गाणी म्हणाला. मरताना त्याला ठाऊक होतं, की आपण कुणासाठी मरतोय. तुमच्याजवळ त्याचे केस आहेत. माझ्या दोघांचं काहीच नाही माझ्याकडे. त्यांना हाक मारायला नावसुद्धा नाही. मला रडायचं झालं, तर मी काय म्हणून रडू?"

तारिग पाळण्याचा दोर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मी कधी विचारलं नाही तुम्हाला," खोतल म्हणाली. "आज विचारते. हाही ढोलीत ठेवू का?"

तारिगने बाहुलीकडे पाहिलं. मग पाळण्याकडे. बाळ जागं होतं, पण कुठेच बघत नव्हतं. मग तिने पहिल्यांदाच सुनेकडे नीट पाहिलं. आणि तिला दिसलं, की ही पोरगी घरात आली होती तेव्हाची राहिलेली नाही. हिचे केस कानांजवळ पांढरे झाले आहेत.

"तू पाळणा टांगून ठेव," तारिग म्हणाली आणि उठली.

तिने बाहुलीला जेवू घातलं. तोंड पुसलं. नवा कोट घातला, वरून पट्टा बांधला, बूट चढवले. कितीतरी वेळ लागला तिला. मग तिला पाठीवर घेतलं. बाहेर थांबलेले लाचुय आणि पासर मदतीला पुढे झाले, तर तिने मान हलवली. ते मागून चालले.

रान दूर नव्हतं, पण बाहुली जड होती. दहा पावलांवर तारिग थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. पाठ वाकली होती, पाय शेवाळात रुतत होते. आणि मग, झाडं सुरू झाली तिथे, ओझं जरा हलकं झालं. तारिगला ते कळलं. ती जागच्या जागी उभी राहिली.

"आई, दमलीस?" पासरने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "निघाला तो."

ती चालत राहिली. प्रत्येक पावलागणिक पाठीवरचं ओझं कमी होत होतं. आता दहा वर्षांच्या मुलाएवढं. आता कडेवरच्या पोराएवढं. ज्या बाईने जन्मभर जड पाळण्यावरून आलेल्या माणसाला ओळखलं, ती आता हलक्या होत जाणाऱ्या पाठीवरून जाणाऱ्याला ओळखत होती. तिने पावलं आखडती घेतली. वाट लांबावी म्हणून ती एका लार्चच्या झाडाला वळसा घालून गेली, असं म्हणतात. पण वाट संपलीच. इवल्या घराशी पोहोचून तिने पाठीवरून बाहुली उतरवली, तेव्हा तिच्या हातात मोठ्या कोटात गुंडाळलेली एक वीतभर ढलपी होती. बाकी काही नव्हतं.

ती आत ठेवून तारिगने दार लावलं. या वेळी ती मागे वळून बघत परतली. मान मोडेल इतकी मागे बघत.

इकडे घरात पाळणा आढ्याला टांगलेला होता. खोतल खाली बसली होती. तेवढ्यात दोर करकरला, ताणला गेला, आणि पाळणा हळूहळू खाली उतरू लागला, जणू त्यात कुणीतरी सावकाश, झोपलेल्याला जाग न येऊ देता, येऊन निजत होतं. तो जमिनीला टेकला. आणि ते मुकं बाळ असं रडलं, असं भुकेनं, हक्कानं रडलं, की मांडवावरचे कावळे उडाले.

तारिग दारात आली तेव्हा खोतल बाळाला पाजत नव्हती. ती थांबली होती. नावाचा मान सासूचा होता.

तारिग खाली बसली. पाळण्याखाली हात घातला.

"योसा," तिने विचारलं, "तू आहेस का?"

पाळणा हलला नाही. तिने जोर लावला. तो हलला नाही. ती त्याच्यावर डोकं टेकून राहिली, आणि खोतलनेच तिला धरून बाजूला बसवलं, कारण बाळाला भूक लागली होती.

गावात त्या दिवशी मेजवानी झाली. अडलेल्या दारातून पुढे भराभर सगळे पूर्वज आले. पुढच्या काही वर्षांत साक्वच्या काठावर एकही बाळ बिननावाचं राहिलं नाही, असं म्हणतात.

तारिगचं मात्र काय झालं, ते आनंदाचं नाही. तान्हं बाळ मागलं सगळं विसरलेलं नसतं, असं तिथे मानतात. पहिला दात येईपर्यंत त्याला आठवत असतं. त्या दिवसांत बाळ तारिगकडे एकटक बघे आणि ती त्याच्याशी कुजबुजे, ती चुकीची गाणी म्हणे, आणि ते पाय उडवून हसे. मग एके दिवशी खोतल हौसेने म्हणाली, "आई, बघा, दात दिसतोय!" तारिगने बघितलं. बाळ तिच्याकडे बघून हसलं, पण तसं ते कुणाकडे बघूनही हसलं असतं. तारिगने त्याला सुनेच्या मांडीवर दिलं आणि ती पाणी आणायला गेली. भांडी तर भरलेली होती.

योसा दुसऱ्यांदा मोठा झाला. तो खोतलला आई म्हणायचा आणि तारिगला आजी. एकदा त्याने विचारलं, "आजी, मी आधी कोण होतो गं?"

"माझा योसा," ती म्हणाली.

"मग आता कुणाचा?"

तारिगने त्याच्या कोटाचा पट्टा घट्ट केला. "आता तुझ्या आईचा," ती म्हणाली. "जा, खेळ जा."

तिने पुन्हा पाळणा उचलला नाही. तिने ते सगळं खोतलला शिकवलं. नावं कशी घ्यायची, हात कुठे धरायचा, कुठे थांबायचं. आणि म्हातारी झाल्यावर, नदी गोठायच्या सुमारास तिने अंथरूण धरलं, तेव्हा तिने खोतलला जवळ बोलावलं.

"माझी बाहुली करू नकोस," ती म्हणाली.

खोतल घाबरली. "असं कसं, आई? मग तुम्ही परत कशा याल? मी किती पाळणे उचलले तरी तुम्ही सापडणार कशा?"

"मला यायचं नाही परत," तारिग म्हणाली. "तुझी ती दोघं. त्यांना नाव नाही, म्हणून त्यांना कुणी हाक मारणार नाही, म्हणून ती कधीच येणार नाहीत. ती तिकडेच आहेत, उताराला, थंडीत. माझ्यामुळे आहेत. मी जाते त्यांच्याकडे. माझे सगळे जीव तिकडेच जाऊ देत."

खोतलने तिचा हात धरला. त्या सकाळनंतर इतक्या वर्षांत तिने एकदाही त्या दोघांचं नाव काढलं नव्हतं, कारण काढायला नावच नव्हतं.

"ओळखाल का त्यांना?" तिने विचारलं.

"मी?" म्हातारी हसली, असं म्हणतात. "मी नाही ओळखणार, तर कोण ओळखणार?"

ती गेली. तिला होडीत निजवलं, पण बाहुली केली नाही. केसांची बटही ठेवली नाही. त्या वर्षी नदी गोठता गोठता मधोमध एक धार बरेच दिवस वाहती राहिली, उत्तरेकडे.

तेव्हापासून साक्वच्या काठावरच्या गावांत पाळणा उचलताना शेकडो नावं घेतात, पण तारिगचं नाव कुणी घेत नाही. तिला परत बोलवायचं नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. आणि एखादं बाळ दात यायच्या आधी गेलं, की त्याला सालीत गुंडाळून नेतात ते आता मुकाट्याने नेत नाहीत. बाप ढोलीपाशी थांबतो. आई घराच्या दारात उभी राहून नदीच्या उताराकडे तोंड करते आणि मोठ्याने म्हणते, "तारिगआजी, आमचं येतंय. वाटेत उभी राहा."

मग ती आत जाते आणि रडते. पण बाळ कुणाकडे गेलं, ते तिला माहीत असतं.